कानावरची काळी पापडी

परवा शुक्रवारी स्टेटस मीटिंगमध्ये शेजारी बसलेल्या एका ज्युनियरनं हळूच माझ्या कानाकडे बोट दाखवलं. "सर, काहीतरी काळं लागलंय." हात लावून बघितला तर बोटावर काळी पापडी. कॉलरवर पण दोन-चार तुकडे. सगळी मीटिंग मी कानाला काजळ लावल्यासारखा बसलो होतो म्हणजे!

कारण लगेच कळलं. हेडफोनच्या गाद्या पुन्हा सुटायला लागल्यात. २००७ पासूनची ही तिसरी जोडी.

हेडफोन म्हणजे सोनीचा एमडीआर-व्ही६. मावसभाऊ न्यूजर्सीहून सुट्टीवर येताना घेऊन आला होता, शंभर डॉलरच्या आत. आमच्या टीममध्ये तेव्हा बहुतेकांकडे प्लेयरबरोबर फुकट आलेले इअरफोन असायचे. त्यात मी हा रेडिओ स्टेशनवरच्या माणसासारखा अवतार करून क्युबिकलमध्ये बसायचो. लोक हसायचे, मग घालून बघायचे, मग "कुठून आणला?" विचारायचे. पुढच्या दोन वर्षांत माझ्या सांगण्यावरून निदान सहा-सात जणांनी तरी स्टुडिओचे हेडफोन घेतले असतील. थोडक्यात, मी या विषयातला स्वयंघोषित सल्लागार होतो.

होतो. भूतकाळ. का, ते शेवटी सांगतो. त्याआधी गाद्या बदलता बदलता डोक्यात जे फिरत होतं ते लिहून काढतो. कामगारांसाठी बनवलेली ही वस्तू आपल्यासारख्या ऐकणाऱ्यांच्या डोक्यावर आली कशी? आणि ती वापरणाऱ्यांच्या मतावर भरवसा ठेवावा किती?

* * *

हेडफोनचा जन्म गाण्यासाठी झालाच नाही. (पॅरिसमध्ये १८८१ च्या विद्युत प्रदर्शनात लोकांनी टेलिफोनचे दोन रिसीव्हर दोन कानांना लावून ऑपेरा ऐकला होता, पण तो हातात धरून.) डोक्यावर घालायचं ते पहिल्यांदा कामासाठी. हात मोकळे हवेत आणि कानात आवाज हवा, ही टेलिफोन ऑपरेटरची गरज.

१९१० साली अमेरिकेतल्या युटा राज्यातून नॅथनियल बाल्डविन नावाच्या माणसानं तिथल्या नौदलाला एक पत्र धाडलं आणि नमुना म्हणून स्वतः बनवलेला हेडफोन. सरकारी खात्याकडे असली पत्रं कायम येत असणार, त्यामुळे फारसा विश्वास कोणी ठेवला नाही. पण लावून बघितला तर बिनतारी संदेश ऐकायला तो हाताशी असलेल्या साधनांपेक्षा कितीतरी सरस! ऑर्डर द्यायला गेले तर कळलं, हा गृहस्थ आपल्या स्वयंपाकघरात बसून हेडफोन बनवतोय. एका वेळी दहाच्या वर ऑर्डर घेता येणार नाही म्हणाला. पेटंट घ्या असं नौदलानं सुचवलं, तर त्याला ती फार किरकोळ बाब वाटली. पुढे पैसा आला, आणि एका धार्मिक पंथाच्या नादात गेलाही. १९२४ मध्ये बाल्डविन दिवाळखोर झाला.

मला यातली एक बारीक गोष्ट फार आवडते. नौदलानं आवाजाची तारीफ केली, पण डोक्यावर बसवायच्या पट्टीबद्दल सूचना पाठवल्या. म्हणजे हेडफोनच्या इतिहासातलं वापरणाऱ्यांचं पहिलं मत आजच्यासारखंच होतं: आवाज झकास, पण डोकं दुखतं! बाल्डविननं रचना बदलली, आणि चामड्यानं मढवलेल्या तारांची पट्टी आली, लहानमोठी करता येणारी. आज आपण हेडफोन वर-खाली सरकवून डोक्याच्या मापाचा करतो, ती सोय तेव्हाची.

दुसरा टप्पा १९३७ चा, जर्मनीतला. युजेन बायर यांच्या कंपनीनं डीटी ४८ हा डायनॅमिक हेडफोन काढला. डायनॅमिक म्हणजे लोहचुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं आणि त्याला चिकटलेला पातळ पडदा, थोडक्यात एक चिमुकला लाउडस्पीकर. आज आपण वापरतो ते बहुतेक सगळे हेडफोन याच घराण्यातले. हा डीटी ४८ थेट २०१२ पर्यंत बनत होता. पंचाहत्तर वर्षं! सॉफ्टवेअरमध्ये आपण पाच वर्षांच्या कोडला 'लेगसी' म्हणून नाकं मुरडतो.. असो. तो रेडिओ आणि रेकॉर्डिंगवाल्यांनी वापरलाच, पण आणखी एका ठिकाणी खूप चालला: कान तपासण्याच्या यंत्रावर. हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

तिसरा टप्पा मिलवॉकीचा. जॉन कॉस हा जॅझ वाजवणारा माणूस, धंदा दवाखान्यांना टीव्ही भाड्यानं देण्याचा. त्यानं मार्टिन लँग या इंजिनियरबरोबर एक पोर्टेबल रेकॉर्ड प्लेयर बनवला. दुसऱ्याला त्रास न देता ऐकता यावं म्हणून त्याला हेडफोन जोडायची सोय ठेवली, आणि हेडफोन पण स्वतःच जुळवले. १९५८ मध्ये तिथल्या हायफाय प्रदर्शनात लोकांनी प्लेयरकडे फारसं बघितलं नाही, गर्दी झाली ती हेडफोनभोवती. स्टीरिओ संगीत एकट्यानं ऐकायची चटक लागली ती तेव्हापासून. कामाची वस्तू मौजेची झाली.

मग १९६८ मध्ये सेनहायझरचा एचडी ४१४ आला. पिवळ्या स्पंजच्या गाद्या, मागून उघडा, वजनाला अगदी हलका. तो कोटीच्या वर खपल्याचं कंपनी सांगते. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन, आणि त्याच्याबरोबर जेमतेम पन्नास ग्रॅमचा हेडफोन. इथे दोन वाटा फुटल्या. ऐकणाऱ्यांचे हेडफोन हलके, उघडे, गोड होत गेले. काम करणाऱ्यांचे जड, बंद आणि कडक राहिले.

या दोन वाटा पुन्हा एकत्र आल्या, त्याची ही गोष्ट.

* * *

१९८२ मध्ये सीडी आली. कॅसेटच्या खरखरीखाली जे झाकलं जायचं ते उघड्यावर आलं. एडिटिंगमधला जोड, गायकाचा श्वास, माइकवर आपटलेला 'प', सगळं. रेकॉर्डिंगवाल्याला हे आधी ऐकू यायला हवं, नाहीतर ते घरी गिऱ्हाइकाला ऐकू येणार. १९८५ मध्ये सोनीनं व्ही६ काढला तो या काळात. १९९१ मध्ये त्याचाच सख्खा भाऊ ७५०६ आला, निळ्या पट्टीचा, खास व्यावसायिकांसाठी. व्ही६ २०२० च्या सुमारास बंद झाला, ७५०६ अजून मिळतो. सिनेमाच्या शूटिंगचे फोटो बघा, साउंडवाल्याच्या डोक्यावर ती निळी पट्टी हमखास दिसेल.

याची प्रत्येक खोड कामातून आलीय. मागून बंद का? गायकाच्या कानातला ताल बाहेर गळून माइकमध्ये जाऊ नये म्हणून. वायर टेलिफोनसारखी गुंडाळीची का? ताणली तर तीन मीटर जाते आणि सोडली तर पायात येत नाही. घडी का होते? फिरत्या साउंडवाल्याच्या झोळीत बसावा म्हणून. आणि वरच्या पट्टीतला आवाज इतका लखलखीत का? कारण हिस, क्लिक, 'स'चा फूत्कार ही सगळी घाण वरच्या पट्टीतच राहते. स्टुडिओचा हेडफोन म्हणजे संगीताचा डीबगर. त्याचं काम तुम्हाला खूश करणं नाही, बग दाखवणं.

मग असला हेडफोन रोजच्या ऐकण्याला घ्यावाच कशाला?

मी आणि माझ्यामुळे घेतलेले सहा-सात जण, आमची मतं सांगतो. पहिल्या आठवड्यात सगळ्यांची एकच तक्रार: "बेस कुठाय?" फुकटच्या इअरफोनवर आणि रिक्षातल्या स्पीकरवर कान तयार झालेला असतो, त्याला आवरलेला बेस म्हणजे नसलेला बेस वाटतो. दुसरी तक्रार: "माझी सगळी गाणी खराब आहेत!" ती होतीच. १२८ केबीपीएसवर दाबलेल्या एमपीथ्रीमधल्या झांजा पाण्याखाली वाजल्यासारख्या येतात. एकानं चिडून चाळीस जीबीचा संग्रह उडवला आणि सीडी पुन्हा रिप करायला बसला.

महिनाभरानं सूर बदलायचा. कुमार गंधर्वांच्या एका जुन्या मैफलीचं रेकॉर्डिंग मी शंभर वेळा ऐकलं असेल, पण तानपुऱ्यांची जोडी डावी-उजवीकडे वेगळी ऐकू आली ती या हेडफोनवर. कोणीतरी खोकतं, तेही स्पष्ट. खोकणारा मला आता ओळखीचा वाटतो. :)

तोटे पण आहेत, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. गाद्या उथळ आहेत, मोठ्या कानाच्या माणसाचा कान आतल्या जाळीला टेकतो. पुण्यातल्या मे महिन्यात तासाभरात कानांना घाम फुटतो. ती गुंडाळीची वायर एकदा माझा चहाचा मग घेऊन गेली. दोन्ही कानांशी बारीक वायर उघडी बाहेर दिसते, तिथे अडकली की संपलं. आवाज डोक्याच्या आतच राहतो, समोर मैफल पसरल्यासारखा होत नाही. त्यासाठी आमच्यातल्या एकानं व्हिएन्नाच्या एकेजीचा के२४० घेतला. १९७५ पासूनचं घराणं, अर्धवट उघडा, पसरट आवाज. पण ऑफिसात त्याचं गाणं शेजारच्यालाही ऐकू यायचं! शिवाय त्यानं हौसेनं मिळवलेलं मॉडेल जुनं, ६०० ओहमचं. लॅपटॉपला लावलं की आवाज मुंगीएवढा. व्ही६ फक्त ६३ ओहमचा, फोनवर पण दणक्यात वाजतो. कोणी हेडफोन घेताना सल्ला विचारला तर मी आधी हा आकडा बघायला सांगतो. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० सारखा एकच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो. खोक्यावर बघून न घेतल्यास फजिती ठरलेली.

पण सगळ्यात मोठा फायदा आवाजाचा नाहीच. रोज आठ तास वापरणारा कामगार दर दोन वर्षांनी नवीन मॉडेल शिकत बसत नाही. त्याला तेच मॉडेल हवं आणि सुटे भाग हवेत. त्याच्या या हट्टामुळे आपल्याला शंभर डॉलरमध्ये दशकानुदशकं न बदलणारी, गाद्या बदलून चालवता येणारी वस्तू मिळते. जाणते लोक तर मूळच्या रेग्झिनच्या गाद्या काढून बायरच्या डीटी २५० च्या मखमली गाद्या बसवतात, मापात बसतात म्हणून. ऑडिओ-टेक्निकाच्या एम५० ची (२००७) वायर काढता येत नाही म्हणून लोक कुरकुरायचे, २०१४ च्या एम५०एक्समध्ये ती निघायला लागली. नौदलाची डोक्याची पट्टी ते एम५० ची वायर, वापरणाऱ्याची तक्रार कधी कधी खरंच पोचते.

* * *

आता 'फ्लॅट'बद्दल. स्टुडिओचा हेडफोन घेणारा प्रत्येक जण हा शब्द वापरतो. मी तर दिवसातून चारदा वापरायचो. फ्लॅट म्हणजे जसं रेकॉर्ड झालं तसं, मीठ-मसाला न घालता.

पण कानाशी 'जसं आहे तसं' म्हणजे काय? समोरच्या स्पीकरचा आवाज तुमच्या खांद्याला, डोक्याला, कानाच्या पाळीला आपटून आत जातो. कानाची नळी स्वतःच बासरीसारखी घुमते, साधारण ३००० हर्ट्झच्या आसपास. मेंदूला या सगळ्याची जन्मापासून सवय. हेडफोन थेट कानावर बसतो आणि यातला बराचसा प्रवास गाळतो. त्यामुळे पडद्याजवळ मोजल्यावर सरळ रेष देणारा हेडफोन ऐकायला सरळ लागत नाही. मग रेष कशी हवी?

यावर लोकांनी अनेक वर्षं डोकं फोडलंय. १९८६ मध्ये म्युनिकच्या रेडिओ तंत्रज्ञान संस्थेतल्या गुंथर थाइल यांनी मांडलं की चहूबाजूंनी सारखा आवाज येणाऱ्या खोलीत कानाशी जे पोचतं, ते स्टुडिओ हेडफोनचं माप धरावं. २०१२-१३ च्या सुमारास हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी वेगळी वाट धरली. हेडफोन कोणता, ब्रँड कोणता, किंमत किती, काही न सांगता लोकांना नुसता आवाज ऐकवला आणि आवडीचे गुण द्यायला लावले. बहुतेकांची पसंती एका बाजूला झुकली: नेहमीच्या खोलीत ठेवलेला चांगला स्पीकर जसा वाजतो, तसा आवाज. आज 'हरमन कर्व्ह' म्हणतात तो हा. यात आपला व्ही६ अगदी आदर्श वगैरे निघत नाही, वरच्या पट्टीत जरा जास्तच तिखट आहे. म्हणजे आम्ही ज्याला फ्लॅट फ्लॅट म्हणत होतो, तो फ्लॅट नव्हताच!

किमतीबद्दलही तसंच. २०१७ मध्ये येरुन ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनची मापं तपासली. कोणत्या स्वराला किती जोर मिळतो ते आणि हेडफोनची किंमत यांचा काही संबंध त्यांना सापडला नाही. गादी, धातू, टिकाऊपणा, नाव, यांना पैसे पडतात. आवाजाच्या तोलाला पडतातच असं नाही. स्वस्त हेडफोनवाल्यांनी ही माहिती चौकटीत लावून ठेवायला हरकत नाही.

* * *

आणि आता माझी गोष्ट.

व्ही६ वापरणारे जवळजवळ सगळे म्हणतात, 'स' आणि झांज टोचते, दोन तासांत कान थकतात. मी अठरा वर्षं याच्याशी भांडत आलोय. "काही टोचत नाही, तुमच्या कानाला सवय नाही." मी स्वतः दिवसभर घालायचो, मला कधीच काही झालं नाही. माझा कान 'तयार' आहे असं मी मानून चाललो होतो.

गेल्या वर्षी दिवाळीत भाचीनं हेडफोन घातला. सोळा वर्षांची आहे, गाणं शिकते. अर्ध्या मिनिटात काढून ठेवला. "अरे मामा, किती टोचतंय हे! तुला कळत नाही का?"

तुला कळत नाही का. तिनं सहज विचारलं होतं, पण प्रश्न डोक्यातून जाईना. त्यात बायको बरेच दिवस म्हणत होती की कुकरच्या शिट्ट्या मोजतोस पण फोनची बीप ऐकू येत नाही. शेवटी गेलो तपासायला. काचेच्या खोलीत बसवतात, डोक्यावर हेडफोन, हातात बटण, बीप ऐकू आली की दाबायचं. मधेच बराच वेळ शांतता होती. मला वाटलं यंत्र अडकलं.

यंत्र ठीक होतं. ऑडिओलॉजिस्ट बाईंनी कागद समोर ठेवला. दोन्ही कानांचा आलेख ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात उतरलेला, पुढेही नीट वर न आलेला. "मोठ्या आवाजात काम करता का?" नाही म्हटलं, आयटीत आहे. "आधी कधी मोठ्यानं ऐकायचात?"

ऐकायचो. २००३ ते २००७, कोथरूड ते हिंजवडी, जाऊन-येऊन रोज तीन तास, कंपनीच्या बसमध्ये. कानात प्लेयरबरोबर आलेले इअरफोन, जे बाहेरचं काहीच अडवत नव्हते. इंजिन आणि हॉर्नच्या वर गाणं यावं म्हणून आवाज कायम शेवटच्या काडीला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दिलेलं माप आहे: ८० डेसिबल आठवड्याला चाळीस तास. त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ९५ डेसिबलला आठवड्याला सव्वा तास उरतो. मी किती डेसिबलला ऐकत होतो ते कोणी मोजलं नाही, पण तास मोजता येतात. आठवड्याला पंधरा.

गेलेलं परत येत नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. आहे ते सांभाळा.

म्हणजे अठरा वर्षं मी लोकांना ठासून सांगत होतो की हा हेडफोन टोचत नाही. तो टोचत होता. टोचण्याची जागाच माझ्याकडे शिल्लक नव्हती. माझं मत अर्धं हेडफोनबद्दल होतं आणि अर्धं माझ्या कानाबद्दल, आणि दुसरा अर्धा भाग मलाच माहीत नव्हता. ज्यांनी माझं ऐकून घेतले आणि नंतर निमूट कपाटात टाकले, त्यांची आता जाहीर माफी मागतो.

आता मला कोणी विचारलं तर तीन गोष्टी सांगतो. गाद्या मिळतात का, बघा. किती ओहमचा आहे, बघा. आणि आवाज कसा आहे ते मला विचारू नका, अर्धा तास स्वतः घालून बसा. बंद हेडफोनचं मात्र एक कौतुक मी अजून करतो, आणि ते आलेखानंतर वाढलंय: बाहेरचा गोंगाट गादीच अडवते, म्हणून आवाज लहान ठेवता येतो. हा शहाणपणा मला २००३ मध्ये हवा होता.

काल रात्री नवीन गाद्या बसवल्या. कडेची झालर खाचेत सरकवायला नखं लागतात, दहा मिनिटांचं काम, अर्धा तास गेला. जुन्या गाद्यांची पापडी सगळ्या टेबलावर. मग आवाज बारीक ठेवून कुमारांची तीच मैफल लावली. तानपुरे आहेत. खोकणारा आहे. अजून काय काय आहे, ते मला सांगता येणार नाही.

भाची पुढच्या रविवारी येतेय. तिला ऐकवीन आणि ती काय सांगते ते लिहून घेईन.